जेवणाच्या टेबलावरून ल माँ : टीएस०५०मधले आमचे चोवीस तास

१० मार्च २०२४ रोजी दुपारी ४ वाजून ३४ मिनिटांनी आमची चोवीस तासांची शर्यत संपली. ती पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सदनिकेत, जेवणाच्या टेबलाला शिकंज्याने आवळलेल्या स्टीअरिंगवर, ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या मोटर-शर्यतींच्या व्हिडिओ खेळात झाली. गाडी होती टोयोटा टीएस०५० हायब्रिड आणि चालक होतो आम्ही तिघे : मी, माझा आतेभाऊ आणि महाविद्यालयापासूनचा एक मित्र. या उद्योगाची तयारी करताना मला मराठीत काहीही वाचायला मिळाले नव्हते, आणि इंग्रजीत जे मिळाले त्यात वीज जाण्याचा उल्लेख कोठेच नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हीच गाडी का, ते आधी सांगतो. २०१६ साली फ्रान्समधल्या ल माँ येथे होणाऱ्या चोवीस तासांच्या मोटर-शर्यतीत ५ क्रमांकाची टीएस०५० शेवटची जेमतेम तीन मिनिटे उरेपर्यंत आघाडीवर होती. चाक काझुकी नाकाजिमा यांच्या हाती होते. गाडीची शक्ती एकाएकी गेली आणि ती सुरुवातीच्या रेषेपाशी, स्वतःच्या संघाच्या डोळ्यांदेखत, कडेला थांबली. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांना जोडणाऱ्या नळीत बिघाड झाला होता, हे पुढे स्पष्ट झाले. मागून आलेली २ क्रमांकाची पोर्शे ९१९ हायब्रिड ३८४ फेऱ्या पूर्ण करून जिंकली. टोयोटा पुन्हा सुरू झाली, पण शेवटची फेरी सहा मिनिटांच्या मर्यादेत पूर्ण न झाल्यामुळे तिचे नाव अंतिम क्रमवारीतही आले नाही. ते दृश्य मी हॉस्टेलच्या खोलीत पाहिले होते. गाडी खेळात आहे असे कळल्यापासून तिच्यात बसून चोवीस तास पूर्ण करायचे, हे डोक्यात बसले ते बसलेच.

खेळ घेणे हे सोपे काम असेल असे मला वाटले होते. सप्टेंबर २०२३मध्ये कन्सोलवरच्या दुकानात ४,९९९ रुपयांचा खेळ निवडला आणि माझ्या बँकेने कार्ड तीन वेळा नाकारले. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करण्यासाठी अ‍ॅपमध्ये एक बटण असते; ते सुरू केल्यावरही नकार आलाच. ग्राहक सेवेत दोनदा बोलून, तक्रार क्रमांक घेऊन, पाच दिवस वाट पाहिल्यावर शेवटी मी त्या दुकानाच्या वॉलेटमध्ये पैसे भरण्याचे कूपन विकत घेतले आणि काम दहा मिनिटांत झाले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्यापासून कूपनचाच मार्ग धरावा. शिवाय एकट्याने संगणकाविरुद्ध खेळण्यासाठी ऑनलाइन सदस्यत्वाची वर्गणी लागत नाही, इंटरनेट मात्र लागते. दुकानदार दोन्ही गोष्टींची गल्लत करून वर्गणी गळ्यात मारू पाहतो.

त्यानंतर परवाने. या खेळात आरटीओ नसले तरी परवान्यांपासून सुटका नाही. नॅशनल बी, नॅशनल ए, इंटरनॅशनल बी, इंटरनॅशनल ए आणि सुपर अशा पाच पायऱ्या असून प्रत्येकीत दहा परीक्षा आहेत. परीक्षा बहुधा अर्ध्या-पाऊण मिनिटाची असते : एखादे वळण, ठरलेली वेळ, आणि रस्त्याबाहेर चाक गेले की नापास. कांस्यपदकाइतकी वेळ आली की परीक्षा सुटते. प्रत्यक्षातला वाहन परवाना मी पहिल्या फटक्यात मिळवला होता; इथे इंटरनॅशनल एच्या एकाच परीक्षेला चार संध्याकाळी गेल्या. सुवर्णपदकाचा हट्ट धरू नका, पण परीक्षा टाळूही नका, कारण ब्रेक आधी जोरात दाबून मग हळूहळू सोडायचा असतो ही गोष्ट मला तिथेच कळली आणि पुढे टीएस०५०मध्ये तीच सर्वाधिक उपयोगी पडली.

गाडीची किंमत खेळातल्या चलनात ३० लाख क्रेडिट होती. माझ्याजवळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचार लाख होते. पैसे कमावण्याची सर्वांना माहीत असलेली एक वाट म्हणजे ल माँच्याच रस्त्यावरची तीस मिनिटांची शर्यत. तीत पहिले आल्यास, आणि कोणाला न धडकता आल्यास, बोनस धरून ८ लाख २५ हजार मिळतात. मात्र त्या शर्यतीत गाडीच्या क्षमतेवर मर्यादा असल्याने टीएस०५०सारखी गाडी तिथे चालत नाही. म्हणजे ल माँची गाडी घेण्यासाठी ल माँवर दुसरीच गाडी घेऊन घाम गाळायचा. मी ती शर्यत सात वेळा केली, त्यांपैकी तीनदा जिंकलो. या काळात १३.६२६ किलोमीटरचा तो रस्ता मला इतका पाठ झाला की ऑफिसला जाताना राजाराम पुलाच्या अलीकडच्या वळणाला मी मनातल्या मनात ल माँवरच्या एका वळणाचे नाव, आर्नाज, देऊ लागलो.

स्टीअरिंग नवे घेण्याची ऐपत नव्हती असे नाही, पण आधी हौस टिकते का ते पाहायचे होते. चिंचवडच्या एका गृहस्थांकडून वापरलेले स्टीअरिंग आणि पेडल १७,५०० रुपयांना घेतले. वापरलेली वस्तू घेताना कन्सोलला जोडून, दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावी आणि ब्रेकचे पेडल विशेष तपासावे. माझ्या जोडीत ब्रेक अर्धवट दाबला तरी पूर्ण दाबल्यासारखा नोंदत असे. पेडल उघडून आतली धूळ साफ केल्यावर तो दोष गेला, पण ते करताना एक स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली आणि आईने झाडू मारताना तीन दिवसांनी सापडवून दिली.

गाडी २ डिसेंबरला ताब्यात आली. तिच्याविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण ती चालवायला शिकणे म्हणजे तिच्या आतला हिशेब शिकणे होय. टीएस०५०मध्ये २.४ लिटरचे, दोन टर्बोंचे, व्ही६ पेट्रोल इंजिन आहे; त्याशिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडलेल्या विद्युत मोटरी आहेत. इंजिन आणि मोटरी यांची प्रत्येकी सुमारे ५०० अश्वशक्ती धरली, तर एकूण हजार अश्वशक्ती होते, आणि गाडीचे वजन नऊशे किलोच्या आतले. ब्रेक लावला की याच मोटरी जनित्राचे काम करतात आणि एरवी उष्णता होऊन वाया गेली असती ती ऊर्जा लिथियम-आयन बॅटरीत साठते. टोयोटाच्या आधीच्या दोन गाड्यांत, टीएस०३० आणि टीएस०४०मध्ये, बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून झटकन सोडणारे घटक, होते. नियमांनुसार ल माँच्या एका फेरीत या गाडीला ८ मेगाज्यूल ऊर्जा वापरता येत असे. मेगाज्यूल म्हटले की काही बोध होत नाही, म्हणून मी ते वीजबिलाच्या भाषेत मांडून पाहिले : सुमारे सव्वादोन युनिट. आमच्या घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिटची आहे. म्हणजे गच्च भरलेली, दोन माणसांनी उचलावी लागणारी ती बॅटरी या गाडीला साडेतीन मिनिटांची एक फेरीसुद्धा पुरली नसती.

खेळात ही ऊर्जा वेगदर्शकाजवळच्या एका पट्टीत दिसते. टर्त्र रूज या वळणातून बाहेर पडून ऊनोदिएरच्या लांब सरळ रस्त्यावर आलो की पाठीला धक्का बसावा तशी गाडी सुटते, पट्टी झरझर रिकामी होते, आणि ती संपली की वेगाची वाढ मंदावून गाडी एकदम साधी वाटू लागते. सुरुवातीला मला तो खेळातला दोष वाटला. नंतर लक्षात आले की गाडी ती ऊर्जा वळणातून बाहेर पडताना, वेग कमी असताना खर्च करते, कारण तेथे वाचलेला वेळ पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर सोबत राहतो; ताशी तीनशे किलोमीटरनंतर हवेच्या विरोधात तीच ऊर्जा ओतून फारसे काही हाती लागत नाही.

दुसरा धडा इंधनाचा. एक्सिलरेटर वळणाच्या तोंडाशी न सोडता त्याआधी शंभर-दीडशे मीटरवर सोडायचा, गाडी तशीच वाहू द्यायची आणि मग ब्रेक लावायचा, हे तंत्र प्रत्यक्ष शर्यतीतले चालकही वापरत, कारण त्यांना प्रत्येक फेरीत किती इंधन जाळायचे यावर मर्यादा होती. मित्राला हे पटेना. तो म्हणाला, “अरे, शर्यत आहे की पेट्रोल वाचवा सप्ताह?” मग आम्ही वहीत हिशेब मांडला. आमच्या सेटिंगनुसार इंधन-नकाशा (इंजिनाला किती इंधन द्यायचे याची खेळातली पायरी; आकडा जितका मोठा तितके इंधन कमी) १वर ठेवून बिनधास्त चालवले तर एका टाकीत ९ फेऱ्या होत. नकाशा ३ ठेवून आणि लवकर पाय उचलून ११ होत, पण प्रत्येक फेरी साधारण एक सेकंद हळू. चोवीस तासांत आमच्या वकुबाने ३७० फेऱ्या धरल्या, तर पहिल्या पद्धतीने ४१ वेळा पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबण्याच्या जागी, जावे लागणार होते आणि दुसऱ्या पद्धतीने ३३ वेळा. एका थांब्याला सुमारे ७० सेकंद जात होते. आठ थांबे वाचले म्हणजे नऊ मिनिटे वाचली. फेरीमागे एक सेकंद म्हणजे सहा मिनिटे गेली. निव्वळ तीन मिनिटे हातात राहत होती. मित्राने वही माझ्याकडून घेतली, गुणाकार स्वतः तपासला आणि काही न बोलता नकाशा ३ लावला.

डिसेंबर सरावात गेला. २४ तारखेला आम्ही सहा तासांची रंगीत तालीम केली आणि तिच्यात दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे चौथा तास पूर्ण होताच टीव्ही आपोआप बंद झाला. आतेभाऊ पोर्शे वळणांमध्ये ताशी अडीचशेच्या वेगात होता आणि समोर काळा पडदा. गाडीचा आवाजही गेला, फक्त स्टीअरिंग हातात थरथरत राहिले. तो ओरडला, “दादा, रिमोट!” रिमोट सापडून चित्र परत येईपर्यंत गाडी भिंतीला लागून उलट दिशेने उभी होती. बऱ्याच टीव्हींमध्ये चार तास रिमोटला हात लावला नाही तर वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची सोय असते. ती सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावी. कन्सोलच्या विश्रांतीची वेळ आणि आपोआप होणारे अपडेट हेही त्याच वेळी बंद करून ठेवावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे खालच्या मजल्यावरचे आजोबा. आमच्या स्टीअरिंगमध्ये दातेरी चक्रे असल्याने रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर चाक गेले की खडखडाट होतो, आणि तो टेबलाच्या पायांतून थेट त्यांच्या छतात उतरत होता. ते रागावले नाहीत, पण सोसायटीच्या सचिवांकडे त्यांनी विचारणा केली की वर कोणी रात्रीची गिरणी सुरू केली आहे का. सचिव काकांनी मला बोलावून सांगितले की रात्री दहानंतर काही करायचे असेल तर लेखी अर्ज द्यावा. मी अर्ज लिहिला : चोवीस तासांचा कार्यक्रम, उपस्थिती तीन व्यक्ती, ध्वनिवर्धक नाही. काकांनी नोंदवही उघडली आणि कार्यक्रमाचा प्रकार विचारला. रकान्यात वाढदिवस, सत्यनारायण, साखरपुडा आणि इतर असे चार पर्याय होते. ‘इतर’ निवडले तर कमिटीच्या बैठकीत विषय ठेवावा लागतो आणि बैठक महिन्यातून एकदाच होते, असे त्यांनी स्वतःच सुचवले. तेव्हा आमची शर्यत त्या वहीत वाढदिवस म्हणून नोंदली गेली आहे. टेबलाच्या पायांखाली मी जाड रबरी चटईचे चौकोनी तुकडे ठेवले. ४०० रुपयांचे ते तुकडे या सगळ्या खर्चातला सर्वांत शहाणा खर्च ठरला.

आमचे नियम आम्ही ल माँच्याच नियमांवरून घेतले. तिथे एका गाडीला तीन चालक असतात, कोणत्याही सहा तासांत एकाला चार तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही आणि एकूण चौदा तासांची मर्यादा असते. आम्ही प्रत्येकी तीन टाक्या, म्हणजे सुमारे दोन तास चालवून बदल करायचा असे ठरवले. बदल पिटमध्येच, आणि त्यासाठी खेळ थांबवायचा तो जास्तीत जास्त दोन मिनिटे. संगणकाच्या गाड्यांची पातळी मध्यम ठेवली, नुकसान हलके, हवामान बदलते, आणि खेळातले घड्याळ खऱ्या घड्याळाच्या वेगाने.

या खेळात तेव्हा शर्यत अर्ध्यावर जतन करता येत नव्हती. ती माहिती मी वाचली होती, पण अंगावर आली ती २६ जानेवारीला. शुक्रवारची सुटी जोडून आल्याने आम्ही दुपारी ४ वाजता सुरुवात केली. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, म्हणून शुक्रवार निर्धास्त वाटत होता. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी, १०२ फेऱ्या झाल्या असताना, वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, दिवे-पंखे क्षणात परतही आले, आणि टीव्हीवर कन्सोल नव्याने सुरू झाल्याची निळसर लाट दिसली. सहा तास चाळीस मिनिटे त्या अर्ध्या सेकंदात गेली. मित्र खुर्चीतून उठला नाही. आतेभावाने विचारले, “आता काय करायचं?” आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आता जेवून घ्या.”

पुढचे आठ दिवस मी केवळ इन्व्हर्टरविषयी वाचत होतो. वीज गेल्यापासून बॅटरीवर येईपर्यंत जी फट पडते ती पंख्याला कळत नाही, पण कन्सोलला ती पुरेशी असते. संगणकाचा वेगळा यूपीएस घ्यावा तर आमच्या भारावर तो पंधरा मिनिटे टिकला असता. शेवटी इलेक्ट्रिशियनने आमच्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे, धुळीखाली लपलेले एक लहानसे सरकबटण दाखवले. त्यावर दोन खुणा होत्या, आणि घेतल्यापासून सात वर्षे ते साध्या खुणेवर होते. यूपीएसच्या खुणेवर ते सरकवले की बदल इतका जलद होतो की कन्सोल बंद पडत नाही. आम्ही मुख्य बटण दहा वेळा पाडून पाहिले, दहाही वेळा खेळ चालू राहिला. इलेक्ट्रिशियनने ३०० रुपये घेतले. बॅटरी मात्र जुनी झाली होती. नवी १४,८०० रुपयांची बसवली, आणि हा खर्च घरासाठीच आहे असे मी घरात व स्वतःलाही सांगितले. कन्सोल, टीव्ही, स्टीअरिंग आणि राउटर मिळून आमचा भार साडेतीनशे वॅटच्या आत होता. राउटरला त्याच बोर्डावर घेण्याचे विसरू नका.

दुसऱ्या प्रयत्नासाठी महाशिवरात्रीच्या सुटीनंतरचा शनिवार निवडला आणि सोमवारची रजा टाकली. रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक काम’ लिहिले. खेळाच्या सर्व्हरची देखभाल त्या दोन दिवसांत नाही ना, हे सूचनांमध्ये आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा पाहिले. सोसायटीच्या वहीत दुसरा वाढदिवस नोंदवला.

९ मार्चला दुपारी ४ वाजता शर्यत सुरू झाली. पहिल्या सहा तासांविषयी लिहिण्यासारखे काही नाही आणि ते तसेच हवे होते. आम्ही सहाव्या-सातव्या स्थानावर रेंगाळत होतो, वहीत प्रत्येक थांब्याची वेळ लिहीत होतो, आणि ज्याची पाळी नसे तो झोपण्याचा प्रयत्न करून झोपत नसे. रात्री साडेदहा ते अकरा या वेळेत कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. १०३वी फेरी पूर्ण झाली तेव्हा आतेभावाने चॉकलेट वाटले.

रात्रीचे ल माँ हा वेगळाच रस्ता आहे. दिवसा आपण नकळत झाडांच्या सावल्या, दूरची कमान पाहून ब्रेक लावत असतो. अंधारात हे सगळे नाहीसे होते आणि दिव्यांच्या झोतात येणाऱ्या अंतराच्या पाट्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. इंडियानापोलिस वळणाच्या आधी रस्ता झाडीतून सरकत जातो आणि गाडी तीनशेच्या आसपास असते. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मी तिथली पाटी पाहिली, ती ओळखली, आणि तरीही पाय हलला नाही. झोप लागली नव्हती. नुसते विचार आणि पाय यांच्यात अंतर पडले होते. गाडी खडीतून जाऊन टायरच्या भिंतीवर आपटली. पिटपर्यंत लंगडत यायला आणि दुरुस्तीला मिळून सव्वाचार मिनिटे गेली. माझे दोन तास संपायला वीस मिनिटे होती, पण मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवून “ऊठ आता” एवढेच म्हटले आणि मी उठलो. रात्री एक ते पाच या वेळेत दोन तासांची नव्हे, एका तासाची पाळी ठेवावी. आम्ही तो बदल त्यानंतर केला. तुम्ही आधीच करा.

पहाटे पाऊस आला. पडद्यावरच्या लहान नकाशात ढगांचे ठिपके सरकताना दिसतात, त्यावरून अंदाज बांधायचा असतो. आतेभावाने ठिपके पाहून पावसाळी टायर घातले आणि ढग आर्नाजच्या बाजूने निघून गेले. तेरा किलोमीटरच्या रस्त्यावर एका टोकाला पाणी आणि दुसऱ्या टोकाला धूळ असू शकते. दोन फेऱ्या ओल्या टायरांवर कोरड्या रस्त्यात रांगत काढल्यानंतर पुन्हा पिटमध्ये यावे लागले. तो फार खजील झाला, म्हणून मी त्याला २०१९च्या शर्यतीची गोष्ट सांगितली : ७ क्रमांकाची टीएस०५० शेवटचा तास उरला असताना आघाडीवर होती, तिच्या संवेदकाने भलतेच टायर पंक्चर दाखवले, संघाने चांगले टायर बदलून पंक्चर तसेच ठेवले, आणि शर्यत ८ क्रमांकाच्या गाडीने जिंकली. आपण निदान भलतेच चाक बदलले नाही, असे तो म्हणाला आणि पोहे खायला गेला.

सकाळनंतर उलट सोपे झाले. उजेडाने डोळे उघडले, संगणकाच्या दोन गाड्या आमच्या मागे पडल्या, आणि दुपारी एकच्या सुमारास आम्ही चौथ्यावरून तिसऱ्या स्थानावर आलो. पुढच्या दोन पोर्शे आमच्या आवाक्यात नव्हत्या. चालक बदलताना आणि एकदा दूधवाला आला तेव्हा आम्ही खेळ थांबवला होता, त्याची बेरीज ३४ मिनिटे झाली; म्हणून शेवट ४ वाजता नव्हे तर ४.३४ला होणार होता.

४ वाजून ५ मिनिटांनी इन्व्हर्टर वाजला. पंखा किंचित मंदावून परत फिरू लागला, लिफ्टची घरघर थांबली, खालच्या दुकानातल्या जनित्राचा आवाज सुरू झाला. पडद्यावर मित्र फोर्ड वळणातून बाहेर पडत होता आणि गाडी चालूच होती. मी उठून पंखा आणि फ्रीज बंद केले. उरलेल्या एकोणतीस मिनिटांसाठी नवी बॅटरी पुरून उरणार हे कागदावर मला ठाऊक होते, पण कागदावर २०१६ची टोयोटाही जिंकली होती. आई इन्व्हर्टरसमोर खुर्ची घेऊन बसली; त्याने काय साधणार होते ते तिलाही सांगता आले नसते. शेवटच्या तीन फेऱ्यांत मित्राने नकाशा ६वर नेला, प्रत्येक वळणाआधी दोनशे मीटरवर पाय उचलला, आणि पट्टी भरत-रिकामी होत राहिली. रेषा ओलांडली तेव्हा आमच्या ३७१ फेऱ्या झाल्या होत्या, विजेत्या पोर्शेपेक्षा चार कमी.

निकालाचा पडदा समोर असतानाच दाराची बेल न वाजता कडी वाजली. लिफ्ट बंद असल्याने जिन्याने चढून आलेले सचिव काका धापा टाकत विचारत होते की सगळ्या इमारतीत वीज नसताना तुमच्याकडे टीव्ही कसा चालू आहे. मी त्यांना सरकबटणाची गोष्ट सांगितली. ते आत आले, पडद्याकडे पाहिले.

“हाच का तो वाढदिवस?”

“हो, काका.”

“कितवे आलात?”

“तिसरे.”

“चोवीस तास बसून तिसरे,” असे म्हणून त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि त्यांच्या इन्व्हर्टरला ते बटण कोठे असेल, हे पाहायला मला खाली घेऊन गेले.